लक्ष्मीबाईंची प्रार्थना आणि साताऱ्यातला दरबार

गटाची बैठक भरली की आपण आधी प्रार्थना म्हणतो, मग हजेरी, मग पैसे. काही गटांत ख्रिस्ती बहिणीही असतात. त्या घरी देवापुढे कोणत्या शब्दांत बोलतात, हे शेजारी बसूनही आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आज त्या प्रार्थनेची, आणि तिच्याशी जोडलेली आपल्या साताऱ्याची गोष्ट.

'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत अनेकींनी पाठ केली असेल. ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा पंचविशी ओलांडलेल्या, कडक सोवळ्यात वाढलेल्या आणि पदरात लहान मूल. नवरा जिवंत असून चार-पाच वर्षं त्यांना नातेवाइकांच्या आधारानं काढावी लागली. पुढं त्या टिळकांकडे नगरला आल्या, पण पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. जात देवानं केली की माणसानं, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि मगच १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून गेली, एवढंच कुणी म्हणत असेल तर ते बाईवर अन्याय करणारं आहे.

त्या काळी चर्चमधली पुष्कळ गाणी इंग्रजीवरून आलेली, चालीही परक्या. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी ती बसायची कशी? टिळकांनी अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर भजन आणलं, कीर्तन केलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळे दळण, पाणी, आजारपण यातलं रोजचं दुखणं आपल्याच बोलीत देवाला सांगता येऊ लागलं.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगारही सुटला. साताऱ्यात राहून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्या काळात हे मोठं धाडस होतं. पण माझं मत विचाराल तर संन्यासाचं नाव पुरुषाचं होतं आणि पिठाचा डबा बाईला भरावा लागतो. टिळकांचा हात आधीच सैल, आले पैसे की दिले कुणाला तरी. लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं हसत हसत, स्वतःलाही न सोडता लिहिलंय. श्रद्धा होती म्हणून घरातली ओढाताण लपवायची, असं त्यांनी केलं नाही. प्रार्थना झाली की पदर खोचून कामाला लागायचं, हा त्यांचा स्वभाव. दुष्काळ-प्लेगच्या दिवसांत अनाथ मुलं सांभाळणारी ही बाई.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्यांची अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्या बाईनं!

इकडे सांगली जिल्ह्यात डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल उघडलं. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. शस्त्रक्रियेआधी ते प्रार्थना करत. पण म्हणून सुरी बाजूला ठेवत नसत, हे आपल्यातल्या अंगारा-धुपारा करत दवाखान्याला उशीर करणाऱ्यांनी ऐकावं.

येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना तर अगदी लहान आहे. तिच्यात वर्षाचं धान्य मागितलेलं नाही, आजची भाकर मागितली आहे. आणि पुढं कर्जाची गोष्ट आहे: जशी आम्ही आमच्या देणेकऱ्यांना सूट दिली, तशी तू आम्हाला दे, अशा अर्थाची. वसुलीच्या दिवशी एखादीनं हे मोठ्यानं म्हटलं तर मी काय उत्तर देणार, कोण जाणे! पण हप्ता थकलेल्या बाईच्या दारात आपण काय बोलतो, याची आठवण मला त्या ओळीनं हमखास होते.

'स्मृतिचित्रे' वाचनालयात मिळतं का ते पाहा. पुस्तक जाड आहे, एका बैठकीत होणार नाही. दुपारी एकीनं वाचावं, बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावं.