मारळची संक्रांत

युरोपातील एखाद्या शहरी दोन-चार दिवस जाऊन स्थळदर्शन, खरेदी आणि खाणे एकत्र साधण्याची जी रीत आज रूढ आहे, तिचे कोकणी पूर्वरूप देवरूखजवळच्या मारळ येथील मार्लेश्वर यात्रेत, म्हणजे देवदर्शनाला जोडून भरणाऱ्या वार्षिक मेळ्यात, आढळते. मध्ययुगीन युरोपातही संतांच्या उत्सवांभोवतीच बाजार भरत असत. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी ‘कल्याणविधी’, अर्थात विवाहसोहळा, लिंगायत पद्धतीने लागतो. पायऱ्यांची लांब चढण चढून गुहेतील देव आणि समोरचा धारेश्वर धबधबा पाहावा, मग खाली उतरून बांगड्या-खाजे घ्यावेत, या क्रमात भक्ती कुठे संपते व हौस कुठे सुरू होते, हे शोधणे व्यर्थच. भातकापणी तोवर उरकलेली असल्याने शेतकऱ्यालाही सवड असे.