इंटरनेट बँकिंगमधील माहितीची सुरक्षा

इंटरनेट बँकिंगमधील माहितीची सुरक्षा म्हणजे ग्राहक संगणकावरून किंवा मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करीत असताना त्याचा परवलीचा शब्द, खात्याचा तपशील व व्यवहारांच्या नोंदी परक्याच्या हाती पडू नयेत, यासाठी बँकेने केलेली तांत्रिक व प्रशासकीय व्यवस्था होय. भारतात या व्यवस्थेची चौकट माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे निर्देश यांनी ठरते. इंटरनेट बँकिंगविषयीची मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये जाहीर केली.

माहितीची ने-आण

ग्राहकाचे उपकरण व बँकेचा सर्व्हर यांच्यामधील माहिती टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध केली जाते. संपर्क जुळताना सर्व्हर आपले डिजिटल प्रमाणपत्र सादर करतो. ब्राउझर ते तपासतो आणि दोन्ही बाजू त्या सत्रापुरती गुप्त किल्ली ठरवितात. वाटेत कोणी संदेश टिपला तरी किल्लीवाचून त्याचा अर्थ लागत नाही. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हावरून संपर्क कूटबद्ध असल्याचे कळते. संकेतस्थळ बँकेचेच आहे, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही, कारण बनावट संकेतस्थळालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते. यावर उपाय म्हणून बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या बँकांसाठी राखीव असलेल्या क्षेत्रनामावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

ओळख पटविणे

सुरक्षित पद्धतीत परवलीचा शब्द जसाच्या तसा साठविला जात नाही. गणिती प्रक्रियेने त्याचे असे रूप साठवितात की, त्यावरून मूळ शब्द काढणे अत्यंत अवघड असते. पैसे पाठविताना त्याशिवाय एकदाच वापरता येणारा अंक, म्हणजे ओटीपी, मागितला जातो. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना अशी जादा पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक झाली. वारंवार चुकीचा शब्द दिल्यास प्रवेश रोखणे व काही काळ वापर न झाल्यास सत्र आपोआप बंद करणे, हेही याच व्यवस्थेचे भाग आहेत.

बँकेतील अंतर्गत व्यवस्था

कर्मचाऱ्याला त्याच्या कामापुरतीच माहिती दिसावी, प्रत्येक हाताळणीची नोंद राहावी आणि महत्त्वाच्या व्यवहारास दुसऱ्याची मंजुरी लागावी, ही अंतर्गत सुरक्षेची मुख्य तत्त्वे होत. ही बाजू किती महत्त्वाची आहे, हे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ल्याने दाखवून दिले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांच्या बनावट यंत्रणेने मंजुरी दिली व अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. स्विफ्टद्वारे हाँगकाँगमधील खात्यातही रक्कम वळविण्यात आली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. यात ग्राहकांनी आपली माहिती कोणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

नुकसानीचे दायित्व

ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहाराचे नुकसान कोणी सोसावे, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरविले. चूक बँकेची असल्यास ग्राहकावर दायित्व नाही. दोष दोघांचाही नसून तिसरीकडचा असल्यास, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकाचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित असून सर्वसाधारण बचत खात्यासाठी त्याची कमाल मर्यादा १०,००० रुपये ठेवण्यात आली. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती सांगितली असल्यास कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

मर्यादा

कूटबद्धीकरण माहिती वाटेत वाचू देत नाही. ग्राहकाने फोनवर सांगितलेला ओटीपी मात्र ते वाचवू शकत नाही. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करणे, बनावट दुवे पाठविणे, मोबाइलचा पडदा दुरून दाखविणारे ॲप बसवायला लावणे आणि ग्राहकाच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळविणे, या फसवणुकीच्या परिचित रीती आहेत. फसवणूक झाल्यास बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. लवकर कळविल्यास रक्कम पुढे वळविली जाण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता वाढते.