‘बॉम्बे’ रक्तगट : परळच्या प्रयोगशाळेतील एक शोध आणि त्याचा बोध

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आधुनिक काळातील रक्तदान हे यांपैकी औषधदानही आहे आणि अभयदानही. म्हणूनच महावीर जयंतीला ठिकठिकाणचे संघ व मंडळे रक्तदान शिबिरे घेतात. परंतु औषधदानाला एक पूर्वअट असते. रोग्याची प्रकृती नेमकी ओळखल्याशिवाय दिलेले औषध विष ठरू शकते. रक्ताच्या बाबतीत तर दात्याची भावना कितीही शुद्ध असली तरी गट चुकल्यास तेच दान रुग्णाचा प्राण घेऊ शकते. या सत्याची प्रखर जाणीव करून देणारा एक वैद्यकीय शोध आपल्या मुंबईत लागला आणि त्याला मुंबईचेच नाव मिळाले. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्या इतिहासाचे स्मरण उचित ठरेल.

देणगीची अट

या इतिहासाची सुरुवात प्रयोगशाळेच्या आधी एका विश्वस्तनिधीपासून होते. मुंबईतील शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळ येथे वैद्यकीय महाविद्यालय उभारण्यासाठी मोठी देणगी दिली. ती देताना त्यांनी एक अट घातली, की या महाविद्यालयात शिकविणारे सर्व अध्यापक भारतीय असावेत. ब्रिटिश अमलात वैद्यकीय शिक्षणातील वरिष्ठ जागा प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. त्या काळात ही अट धाडसाचीच होती. १९२६ साली हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. दानाबरोबर दृष्टी असेल तर त्याचे फळ किती दूरवर जाते, हे पुढे २६ वर्षांनी दिसून आले.

रक्तगटांची ओळख

व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसामाणसांच्या रक्तातील भेद दाखवून दिला. एकाच्या रक्तातील तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या असता काही वेळा त्यांचे पुंजके होतात, काही वेळा होत नाहीत. त्यावरून आज आपण ज्यांना ‘ए’, ‘बी’ व ‘ओ’ म्हणतो ते गट निश्चित झाले. पुढील वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एबी’ हा चौथा गट शोधला. या कार्यासाठी लँडस्टायनर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या चार गटांमुळे रक्त देण्याचे शास्त्र पायावर उभे राहिले. ज्याच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ नाही व ‘बी’ही नाही तो ‘ओ’, आणि ‘ओ’ म्हणजे सर्वांना चालणारे रक्त, असा समज रूढ झाला. सर्व मानवजात या चार कप्प्यांत बसते, यावर जवळजवळ पन्नास वर्षे विश्वास ठेवला गेला.

न जुळणारे रक्त

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया या परळच्या संशोधकांसमोर एक विलक्षण प्रकार आला. तीन व्यक्तींच्या तांबड्या पेशी नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाप्रमाणे वागत होत्या. त्यांचा रक्तद्रव ‘ए’ व ‘बी’ पेशींचे पुंजके करीत होता. तेही ‘ओ’ गटाला धरूनच होते. परंतु तोच रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके करू लागला. खऱ्या ‘ओ’ गटाच्या माणसाचे रक्त ‘ओ’ रक्ताला कधीही विरोध करीत नाही. येथे तर जे रक्त सर्वांना चालते तेच चालेना!

असा विसंगत निष्कर्ष आला की द्रावण बिघडले असेल, काचनळी अस्वच्छ असेल, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे असते. या डॉक्टरांनी तसे केले नाही. रुग्णाला ज्ञात कप्प्यात कोंबण्याऐवजी कप्पेच अपुरे आहेत काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. या कामी लंडनच्या लिस्टर संस्थेतील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या त्या काळातील अग्रगण्य तज्ज्ञांचे सहकार्य मिळाले. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात या सात जणांच्या नावे निबंध प्रसिद्ध झाला. यादीत पहिले नाव डॉ. भेंडे यांचे होते. पुढे या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, पण जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत हा गट आजही ‘बॉम्बे’ म्हणूनच ओळखला जातो.

कापड आणि छपाई

या गटाचे रहस्य कापडाच्या दृष्टान्ताने सहज समजते. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाचे एक मूळ द्रव्य असते. ते म्हणजे जणू कोरे कापड. ‘ए’ किंवा ‘बी’ ही त्या कापडावरील छपाई. दोन्ही छपाया असतील तर ‘एबी’, आणि कापड कोरेच राहिले तर ‘ओ’. ‘बॉम्बे’ गटाच्या व्यक्तीत मात्र हे मूळ कापडच विणले जात नाही. मग ‘ए’ किंवा ‘बी’ची छपाई करण्याची क्षमता शरीरात असूनही ती उमटणार कशावर?

वरवर पाहता कोरे कापड व कापडाचा अभाव यांत छपाई दिसत नाही, म्हणून दोन्ही सारखीच भासतात. शरीराला मात्र हा फरक कळतो. ज्याच्याजवळ ‘एच’ नाही त्याचे शरीर ‘एच’ला परके मानते व त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार ठेवते. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर दिलेल्या पेशी फुटू लागतात, थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि प्राणावर बेतते. एरवी ही माणसे पूर्णपणे निरोगी असतात. अनेकांना रक्ताची गरज पडेपर्यंत आपल्या वेगळेपणाची कल्पनाही नसते.

या शोधाने कौटुंबिक जीवनातील एक गंभीर प्रश्नही सोडविला. १९५५ साली अमेरिकेत डॉ. फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील आईचा गट तपासणीत ‘ओ’ दिसत होता, पण तिच्या अपत्याच्या रक्तात ‘बी’ होता आणि तो पित्याकडून आलेला नव्हता. रूढ नियमानुसार हे अशक्य! अशा वेळी एखाद्या निरपराध मातेवर केवढा संशय येऊ शकतो, हे सांगावयास नको. प्रत्यक्षात त्या मातेजवळ ‘बी’ची छपाई होती, कापड नव्हते. अपत्याला पित्याकडून कापड मिळाले आणि आईची लपलेली छपाई उमटली. पुढे १९९० च्या दशकात ‘एच’ द्रव्य घडविणाऱ्या जनुकातील नेमके दोषही शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

एकान्त आणि अनेकान्त

जैन वाचकाला या ठिकाणी अनेकान्ताची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. हे रक्त ‘ओ’ आहे काय? ‘ए’ व ‘बी’ नाहीत या अपेक्षेने ते ‘ओ’ आहे. ‘एच’ नाही या अपेक्षेने ते ‘ओ’ नाही. एकाच बाजूने पाहून ‘हे असेच आहे’ असा आग्रह धरणे म्हणजे एकान्त. तत्त्वचर्चेत एकान्ताने फार तर वाद होतो; रुग्णशय्येपाशी त्याने माणूस दगावतो. म्हणून दक्ष रक्तपेढीत पेशी व रक्तद्रव दोन्ही तपासतात, रक्तद्रवाची ‘ओ’ पेशींशीही गाठ घालून पाहतात, शंका आल्यास ‘युलेक्स’ या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने ‘एच’ आहे की नाही हे ठरवितात, आणि शेवटी दात्याचे व रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहतात.

दुर्मिळ रुग्ण, दुर्मिळ दाता

१९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्याचाच पुढे विस्तार होऊन के. ई. एम.च्या आवारातील राष्ट्रीय संस्था झाली. डॉ. भाटिया यांनी या विषयाला दीर्घकाळ वाहून घेतले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार मुंबईत सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक ‘बॉम्बे’ गटाची आढळली. भारतात हे प्रमाण साधारणपणे १०,००० मध्ये एक, तर युरोपात १० लाखांत एक इतके अल्प मानले जाते. हा गुण आई व वडील या दोघांकडून यावा लागतो. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहांत तो प्रकट होण्याचा संभव वाढतो, आणि एखादा रुग्ण सापडला की प्रथम त्याची सख्खी भावंडे तपासली जातात.

या रुग्णांवर उपचार म्हणजे योग्य दात्याचा शोध. ‘बॉम्बे’ गटाच्या तांबड्या पेशी इतर गटांच्या रुग्णांना चालू शकतात, पण त्या गटाच्या रुग्णाला केवळ ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त चालते. सर्वांना देऊ शकणारा हा मनुष्य घेऊ मात्र आपल्यासारख्याकडूनच शकतो. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असल्यास रुग्णाचेच रक्त अगोदर काढून ठेवता येते. पण रक्ताची पिशवी शीतपेटीत साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकते. त्यामुळे या गटाच्या दात्यांनी शिबिरात सहज रक्त देण्यापेक्षा नाव नोंदवून ठेवावे व हाक येताच धावून जावे, असे सुचविले जाते. येथे दानाइतकाच संयमही मोलाचा ठरतो.

मे २०२४ मधील एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. इंदूर येथे उपचार घेत असलेल्या एका महिलेला त्यापूर्वी अन्यत्र चुकून ‘ओ’ रक्त दिले गेले होते व तिची प्रकृती अत्यंत खालावली होती. तिचा गट ‘बॉम्बे’ असल्याचे समजताच महाराष्ट्रातील एक रक्तदाता सुमारे ४०० किलोमीटर प्रवास करून तेथे पोहोचला व त्याने रक्त दिले. ज्या गटाचा शोध १९५२ साली लागला तो २०२४ सालीही प्रथम ‘ओ’ समजला जातो, हे या घटनेचे एक अंग. अनोळखी स्त्रीसाठी रात्रंदिवस न पाहता निघणारी माणसे आजही आहेत, हे दुसरे.

समाजाचे कर्तव्य

परळच्या शोधामागे शिक्षणसंस्था उभारणाऱ्या विश्वस्तांची दूरदृष्टी होती, विसंगतीकडे डोळेझाक न करणाऱ्या वैद्यांची प्रामाणिक जिज्ञासा होती आणि प्रत्येक जीव स्वतंत्र आहे ही जाणीव होती. समाजाच्या रक्तदान शिबिरांत किती पिशव्या जमल्या हा आकडा आपण अभिमानाने जाहीर करतो. त्याच्या जोडीला प्रत्येक दात्याचा गट पूर्णपणे तपासला जावा व एखादा दुर्मिळ दाता आढळल्यास त्याच्या संमतीने त्याची नोंद रक्तपेढीकडे व्हावी, असा आग्रह सुवर्णमहोत्सवी वर्षापासून धरला गेला तर एखाद्या अज्ञात जीवाला खऱ्या अर्थाने अभय मिळेल.