हायडेलबर्ग प्रकल्प

हायडेलबर्ग प्रकल्प हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात उघड्यावर उभारलेला कलाप्रकल्प आहे. चित्रकार टायरी गायटन यांनी १९८६ मध्ये आपले आजोबा सॅम मॅकी आणि तत्कालीन पत्नी कॅरन गायटन यांच्या मदतीने त्याची सुरुवात केली. शहराच्या पूर्व भागातील हायडेलबर्ग रस्त्यावरची ओसाड घरे, रिकामे भूखंड व झाडे यांवर टाकून दिलेल्या घरगुती वस्तू रंगवून मांडणे, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे. उपभोगवादी संस्कृतीत वस्तू, वस्ती आणि माणसे कशी टाकाऊ ठरवली जातात, याचे दर्शन घडवणारी कलाकृती म्हणून तो ओळखला जातो. मात्र ही कला आहे की कचरा, या प्रश्नावरून तो दीर्घकाळ वादग्रस्तही ठरला.

पार्श्वभूमी

डेट्रॉइट हे अमेरिकेच्या मोटार उद्योगाचे मुख्य केंद्र होते. जनरल मोटर्स या कंपनीने १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी मोटारीचे नवे रूप बाजारात आणण्याचे धोरण रुजवले. आधीची मोटार नीट चालत असूनही ती जुनाट वाटावी आणि ग्राहकाने नवी घ्यावी, असा त्यामागील विचार होता. पुढे इतर अनेक उद्योगांनी हे धोरण स्वीकारले. वस्तू झिजण्यापूर्वीच ती टाकून देण्याची सवय जगाला लावण्यात या शहराचा वाटा मोठा आहे.

कालांतराने तीच वेळ शहरावर आली. कारखाने उपनगरांत व इतर राज्यांत गेले आणि त्यांच्यामागे सुस्थितीतील, प्रामुख्याने गोरी कुटुंबेही शहर सोडून गेली. जुलै १९६७ मध्ये झालेल्या दंगलीत ४३ जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर स्थलांतराचा वेग वाढला. १९५० च्या जनगणनेत १८ लाख ४९ हजारांहून अधिक असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ७ लाख १४ हजारांच्या आसपास आली. हजारो घरे रिकामी पडली. मोकळ्या भूखंडांवर जुन्या गाद्या, टायर आणि मोडके सामान साचू लागले.

गायटन यांचा जन्म १९५५ मध्ये झाला. ते हायडेलबर्ग रस्त्यावरच वाढले आणि दंगलीच्या वेळी ते सुमारे बारा वर्षांचे होते. सैन्यात व अग्निशमन दलात काम केल्यानंतर त्यांनी डेट्रॉइटमधील कलामहाविद्यालयात शिक्षण घेतले.

कार्यपद्धती

आरंभी गायटन व मॅकी यांनी रस्त्यालगतचे रिकामे भूखंड झाडून स्वच्छ केले. त्यातून निघालेला कचरा दूर नेऊन टाकण्याऐवजी त्यांनी तोच कलेचे साहित्य म्हणून वापरला. बाहुल्या, बूट, दूरध्वनी संच, दूरचित्रवाणी संच, व्हॅक्यूम क्लीनर, खरेदीच्या ढकलगाड्या, घड्याळे, मोटारींची बॉनेटे अशा वस्तू रंगवून त्या घरांच्या भिंतींवर ठोकण्यात, झाडांना टांगण्यात किंवा जमिनीवर ओळीने मांडण्यात आल्या.

रंगाचा वापर येथे वस्तूचे दोष झाकण्यासाठी केलेला नाही. गंज, पोचे आणि तडे रंगाखालूनही दिसत राहतात. वस्तू कोणीतरी वापरली होती, ही खूण त्यामुळे टिकून राहते. दुकानातील वस्तू नवेपणावर विकली जाते. येथील वस्तूचे मोल तिच्या जुनेपणात आहे.

रंगीत ठिपका ही प्रकल्पाची ओळख आहे. मॅकी यांना आवडणाऱ्या रंगीबेरंगी जेली बीन्स गोळ्यांवरून तो सुचल्याचे सांगितले जाते. घर, रस्ता, झाड आणि मोटार यांवर सारखेच ठिपके उमटल्याने वेगवेगळ्या वस्तू एकाच रचनेचा भाग वाटतात.

प्रमुख रचना

गायटन यांच्या कुटुंबाचे घर बहुरंगी ठिपक्यांनी रंगवलेले असून ते ‘डॉटी वॉटी हाउस’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘हाउस ऑफ सोल’ या घराच्या भिंती ग्रामोफोनच्या तबकड्यांनी मढवल्या होत्या. सोल या संगीतप्रकाराशी डेट्रॉइटचे जवळचे नाते आहे. ‘पार्टी अ‍ॅनिमल हाउस’ या घरावर मुलांनी टाकून दिलेली कापडी प्राण्यांची खेळणी बसवलेली होती. मोटारींच्या बॉनेटांवर गायटन यांनी माणसांचे चेहरे रंगवले. ज्या उद्योगाने शहर घडवले, त्याच्याच भंगारावर रहिवाशांचे चेहरे उमटवण्याची ही कल्पना होती.

झाडांवर टांगलेल्या बुटांच्या रचनेला वेगळा संदर्भ आहे. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला फाशी दिल्याच्या घटना मॅकी यांनी नातवाला सांगितल्या होत्या. खाली उभ्या असलेल्यांना मृताच्या पायांतील बुटांचे तळवेच दिसत, या आठवणीतून ही रचना झाली.

पाडकाम आणि वाद

१९९० मध्ये डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयात गायटन यांच्या कामाचे प्रदर्शन झाले. त्यानंतरच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, महापौर कोलमन यंग यांच्या कारकिर्दीत महानगरपालिकेने प्रकल्पातील काही घरे बुलडोझरने पाडली. १९९८ मध्ये प्रशासनाने पुन्हा कारवाईची तयारी केली. न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईहुकुमामुळे ती लांबली. तो उठताच फेब्रुवारी १९९९ मध्ये महापौर डेनिस आर्चर यांच्या काळात प्रकल्पाचा आणखी काही भाग पाडण्यात आला.

विरोध केवळ प्रशासनाचा नव्हता. परिसरातील काही रहिवाशांना दारासमोर भंगार नको होते. बाहेरून येणाऱ्या पर्यटकांची वर्दळ आणि गरिबीचे प्रदर्शन मांडले जात असल्याची भावना यांमुळेही नाराजी होती. समर्थकांचे म्हणणे असे, की ही घरे प्रकल्पापूर्वीच ओसाड व धोकादायक झाली होती आणि तेव्हा त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. रंगवल्यानंतरच ती शहराच्या नजरेत खुपू लागली. वस्तू कचरा आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रकल्पाचा मूळ प्रश्न या वादातून प्रत्यक्षात उतरला.

जाळपोळ आणि नंतरचा काळ

२०१३ व २०१४ मध्ये प्रकल्पातील घरांना वारंवार आगी लावण्यात आल्या. ‘हाउस ऑफ सोल’ व ‘पार्टी अ‍ॅनिमल हाउस’ यांसह अनेक घरे त्यांत नष्ट झाली. याच काळात, जुलै २०१३ मध्ये, डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जळालेल्या घरांच्या जोत्यांवर व उरलेल्या अवशेषांवर गायटन यांनी पुन्हा वस्तू मांडल्या.

ऑगस्ट २०१६ मध्ये, तीस वर्षांनंतर, हा प्रकल्प आपण स्वतःच टप्प्याटप्प्याने उतरवणार असल्याचे गायटन यांनी जाहीर केले. त्याच्या जागी स्थानिक कलावंतांचा सहभाग असलेली वस्ती घडवण्याचा विचार त्यांनी मांडला.

कलापरंपरेतील स्थान

जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांनी पहिल्या महायुद्धानंतर तिकिटे, वेष्टने व कागदाचे कपटे यांपासून चित्रे केली. अमेरिकेत रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९५० च्या दशकात रस्त्यावरील टाकाऊ वस्तू चित्रफलकाला जोडल्या. लॉस एंजेलिसमधील वॉट्स भागात १९६५ मध्ये झालेल्या दंगलीच्या ढिगाऱ्यातून नोआ प्युरिफॉय यांनी शिल्पे घडवली. गायटन यांचे काम याच परंपरेत मोडते. मात्र त्यांनी वस्तू कलादालनात न नेता जेथे त्या टाकल्या गेल्या त्याच वस्तीत ठेवल्या.

भारतात चंडीगड येथील नेकचंद यांच्या रॉक गार्डनशी या प्रकल्पाची तुलना करता येते. फुटक्या बांगड्या, चिनी मातीची भांडी आणि पाडलेल्या घरांचे अवशेष यांतून उभी राहिलेली ती बागही परवानगीविना सुरू झाली होती. तिला १९७६ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली आणि ती टिकली. हायडेलबर्ग रस्त्यावरील बहुतेक मूळ रचना आज अस्तित्वात नाहीत.