खोट्याची बखर

लढायांच्या सनावळ्या आमच्याकडून शाळेत घोकून घेतल्या, पण खोटं बोलण्याचा इतिहास काही कुणी शिकवला नाही. वास्तविक लढाई कधीमधी व्हायची आणि खोटं रोज सकाळ-संध्याकाळ. ‘अगदी तुमच्याकडेच निघालो होतो’, ‘पोहे फर्मास झालेत हो वहिनी’, ‘म्हणजे, आमचं पत्र मिळालंच नाही?’ एवढ्या तीन वाक्यांवर आमच्या आळीतला निम्मा शेजारधर्म उभा होता.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत रीतसर सवलती देऊन ठेवल्यात. थट्टेत, बायकांशी बोलताना, लग्नाच्या वेळी, जिवावर बेतलं असता आणि सर्वस्व जायची पाळी आली असता खोटं बोललं तर पाप लागत नाही, असं महाभारताच्या आदिपर्वात म्हटलंय. लग्नाच्या वेळी! मुलाचा पगार फुगवून सांगणारे मध्यस्थ केवढ्या थोर परंपरेचे पाईक आहेत पाहा! मौज अशी, की ही यादी सांगते कोण, तर शर्मिष्ठा. आणि कुणाला, तर शुक्राचार्यांना दिलेला शब्द मोडायला कचरणाऱ्या ययातीला. म्हणजे कायदा वाचून दाखवणारीचंच घोडं त्यात अडलेलं!

तिकडे युरोपात मात्र कारभार कडक. इ. स. 395 च्या सुमारास संत ऑगस्टीननं असत्याचे आठ प्रकार पाडले आणि आठही पापात जमा केले. 1797 साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं तर कमालच केली. मित्र आपल्या घरात लपलाय, खुनी दारात उभा राहून ‘आत आहे का?’ विचारतोय, तरी म्हणे खोटं बोलायचं नाही! कांट जन्मभर अविवाहित होता, हे इथं नमूद करायला हरकत नसावी.

पुढं अमेरिकेतल्या बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाद न घालता लोकांच्या हाती वह्याच दिल्या. आठवडाभर जे जे खोटं बोलाल ते टिपून ठेवा! 1996 साली हिशेब प्रसिद्ध झाला: कॉलेजची मुलं दिवसाला सरासरी दोनदा, इतर मंडळी एकदा. (वह्या खऱ्या भरल्या असं धरून.) आणि बरंचसं खोटं पैशाअडक्यासाठी नव्हतंच. आपण चारचौघांत जरा बरे दिसावं, नाहीतर समोरच्याचं मन मोडू नये, एवढ्यासाठी! जवळच्या माणसांशी लोक कमी खोटं बोलतात. आणि बोलतात तेव्हा पुष्कळदा त्या माणसाच्याच भल्यासाठी, असंही पुढं दिसलं.

हे वाचलं आणि मला 1972 चा दुष्काळ आठवला. रेशनवरचा तांबडा मिलो, मोजून थापलेल्या भाकऱ्या. आई सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, “माझं मघाशीच झालंय.” वडील मान हलवायचे. पण टोपल्यात कधी डोकावून बघायचे नाहीत. खोट्याला नुसता बोलणारा असून भागत नाही. ते खरं मानून घेणाराही लागतो.

पंचाईत एवढीच, की आपण बोललेलं प्रत्येक खोटं आपण आईच्या खात्यावर मांडतो आणि दुसऱ्याचं शर्मिष्ठेच्या. दोघांची वही एकाच हातानं लिहिली, तर शिल्लक जरा निराळी निघेल.