ब्रॉडबँडचा वेग आणि जुळवणीचे आकडे : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकीय संदेशवहनाचा इतिहास बहुधा तारांच्या वाढत्या क्षमतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तांब्याच्या तारेची जागा काचतंतूने घेतली आणि वेग वाढला, हे त्या कथनाचे सूत्र होय. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक संगणकधारक आपल्या यंत्रातील काही आकडे बदलून घरच्या ब्रॉडबँडचा वेग वाढविण्याचा उद्योग करीत असत. तार तीच असता केवळ आकडा बदलल्याने वेग का वाढावा, आणि तोच आकडा दुसऱ्या घरी निष्फळ का ठरावा, याचा उलगडा वरील सूत्राने होत नाही. त्यासाठी त्या आकड्यांचा पूर्वेतिहासच पाहावा लागतो.

व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आणि १९८१ साली प्रमाणरूप पावलेल्या टीसीपी या नियमसंहितेत पाठविणारा व घेणारा यांच्यातील एक करार अनुस्यूत आहे. पोच येण्यापूर्वी किती बाइट पाठविण्यास हरकत नाही, हे घेणारा आधी कळवितो. या मर्यादेस ‘विंडो’ अशी संज्ञा आहे. तेवढी सामग्री रवाना झाली की पाठविणाऱ्याने थांबावयाचे आणि पोचेची वाट पाहावयाची. तेव्हा तार कितीही रुंद असली तरी पोच येण्यास लागणाऱ्या काळाने विंडोला भागले असता जो भागाकार येतो, त्यापलीकडे वेग जाऊ शकत नाही. मूळ संहितेत या आकड्यासाठी १६ बिटांची जागा होती. म्हणून ६५,५३५ बाइट ही त्याची कमाल ठरली. त्या काळाच्या मानाने ती उदार होती.

परंतु ही मर्यादा केवळ घेणाऱ्याची सोय पाहणारी होती. वाटेची स्थिती तीत विचारात घेतलेली नव्हती. या उणिवेतून उद्भवणाऱ्या धोक्याची सूचना जॉन नेगल यांनी १९८४ साली दिली होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये तिचा प्रत्यय आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्ड. पण त्यांमधील वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हरवलेली पॅकेटे प्रत्येक यंत्र पुनःपुन्हा पाठवू लागले आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट अधिक तुंबली. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला उपाय मुख्यतः संयमाचा होता : आरंभ हळू करावा, आणि पॅकेट हरवले की वाट भरली असे समजून आपला ओघ आवरावा. वेग पूर्ववत झाला तो प्रत्येकाने हात आखडता घेतल्यामुळे, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये.

पुढे तारा रुंदावल्या. १९९२ साली विंडोला गुणक लावून ती सुमारे एक अब्ज बाइटपर्यंत वाढविण्याची सोय झाली. परंतु घरगुती संगणकांत पूर्वनियोजित आकडे लहानच राहिले. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत साध्या इथरनेट जोडणीवर ही विंडो सामान्यतः १७,५२० बाइटांची असे. पोच सेकंदाच्या विसाव्या भागात परतत असेल, तर या आकड्याने सेकंदाला सुमारे २८ लक्ष बिटांचा वेग मिळतो. पोचेस पाव सेकंद लागला, तर तोच वेग ५ लक्ष ६० हजारांवर येतो. ज्याची तार याहून रुंद होती, त्याला आकडा वाढविताच लाभ दिसे. तो भ्रम नव्हता.

भारतातील स्थिती मात्र निराळी होती. २००४ सालच्या शासकीय धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा सेकंदाला २५६ हजार बिट अशी ठरविली. मुंबईहून अमेरिकेतील संगणकाशी व्यवहार करताना पोचेस पाव सेकंद लागतो असे धरले, तरी ही तार सतत भरलेली ठेवण्यास ८,००० बाइटांची विंडो पुरते. पूर्वनियोजित आकडा तिच्या दुपटीहून अधिकच होता. अर्थात रुंद तारेच्या ग्राहकासाठी सांगितलेला उपाय येथे अंगीकारणाऱ्यास काहीच पदरात पडण्यासारखे नव्हते. अडथळा तारेत होता, आकड्यात नव्हता.

खऱ्या उपायांबरोबर खोटेही पसरले. विंडोज एक्सपी वेगाचा पाचवा हिस्सा स्वतःसाठी अडवून ठेवते, ही समजूत त्यांपैकीच. राखीव हिस्सा मागणारा कोणी नसेल तेव्हा तो इतरांस मोकळाच असतो, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. तरी समजूत टिकली.

या हस्तव्यवसायाची गरज हळूहळू यंत्रानेच संपविली. विंडो आपोआप जुळविण्याची पद्धत १९९८ साली सेमके, महदवी व मॅथिस यांनी मांडली होती. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांस उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टात ग्रहण-विंडोची जुळवणी आपोआप होऊ लागली. पण त्यातून जुनाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. पॅकेट हरवू नये या सदिच्छेने मोडेम व राउटर यांत मोठमोठे बफर बसविण्यात आले होते. ते भरत राहिले, पॅकेट हरवेना, म्हणून ओघ आवरण्याची खूणही वेळेवर मिळेना. एकाने मोठी फाइल पाठविताच घरातील इतरांचे व्यवहार खोळंबत. जिम गेटिस यांनी २०१० साली आपल्या घरच्या जोडणीवर हा विलंब सेकंदाहून अधिक झाल्याचे टिपले. त्यावर २०१२ साली कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी सुचविलेला उपाय म्हणजे रांगेत पॅकेट किती काळ तिष्ठते हे पाहून, तो काळ रेंगाळल्यास काही पॅकेटे जाणूनबुजून टाकून देणे.

या इतिहासाचे तात्पर्य असे की, जुळवणीच्या आकड्यास स्वतःचे असे मोल नसते. तारेची रुंदी, पोचेचे अंतर आणि त्याच वाटेवरील शेजारी या तिहींच्या संबंधातूनच त्यास अर्थ येतो. पूर्वनियोजित आकडा म्हणजे कोणाच्या तरी अंतरास आणि काळास अनुसरून केलेली तरतूद होय. म्हणून तो ऐतिहासिक साधन म्हणून वाचला पाहिजे. केवळ क्षमतेचा चढता आलेख मांडणाऱ्या इतिहासात १९८६ ची घसरण अपवाद म्हणून उरते आणि मुंबईचा ग्राहक तर दिसतच नाही. आकड्यांमागील अंतरे व नाती तपासली, तर ही दोन्ही त्या इतिहासाच्या मध्यभागी येतात.