नकाशात नसलेला वारसा

इतिहास म्हटला की आपल्यासमोर बादशहा, सुभेदार आणि लढाया उभ्या राहतात. शहराला पाणी कुठून येत होते, बाजार कुठे भरत होता, मुसाफिरांची सोय कोण करत होते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. खरे पाहता शहराचा इतिहास याच गोष्टींत असतो आणि तो सर्वांत आधी नाहीसा होतो. राजवाडा पडला तर बातमी होते, पण जमिनीखालची नहर फुटली तर कुणाला कळतही नाही.

औरंगाबादचेच उदाहरण घेऊ. २०२३ पासून या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी आपली राजधानी वसवली. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेल्या या माणसाने महालाइतकाच विचार पाण्याचा केला. उत्तरेकडच्या डोंगरातले झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नहरीतून त्याने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. पाणी उताराने वाहत येई, म्हणून मोटेची गरज नव्हती. दाब सांभाळण्यासाठी ठिकठिकाणी उंच मनोरे बांधलेले होते, त्यांना लोक ‘बंबे’ म्हणतात. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीवर चाले आणि तिच्या पिठावर फकीर व मुसाफिर जेवत. आजच्या भाषेत याला आपण नगररचना म्हणू.

१६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने या शहराला आपले नाव दिले. १६८२ मध्ये त्याने शहराभोवती तटबंदी बांधली. या शहराला ‘बावन्न दरवाजांचे शहर’ म्हणतात. आज त्यांतले मोजकेच उभे आहेत. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा त्यांतलाच एक आहे. बाकीचे दरवाजे आणि तट कुठे गेले? सगळे काही शत्रूच्या तोफांनी पडले नाहीत. बरेचसे शांततेच्या काळात, रस्ता हवा म्हणून, दगड हवेत म्हणून किंवा कुणाचे लक्ष नव्हते म्हणून गेले.

जुन्या वास्तू जपणारी सरकारी खाती आपल्याकडे नव्हती असे नाही. इंग्रजांनी १८६१ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू केले, १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांसाठी केलेले काम आजही आदराने सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९५८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६० मध्ये आपापला कायदा केला.

मात्र या सगळ्या कायद्यांची नजर एकेका स्मारकावर होती. बीबी का मकबरा केंद्राच्या संरक्षणाखाली आला, ते योग्यच झाले. पण साऱ्या देशात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके साडेतीन हजारांहून थोडीच अधिक आहेत. मोहल्ल्यातली बारव, सराई, हमाम, जुनी हवेली, नहरीचा बंबा यांना त्या यादीत जागा मिळणे कठीण. शिवाय एक साधी गोष्ट आपण विसरतो. दरवाजा पुरातत्त्व खाते सांभाळील, पण त्या दरवाजातून जाणारा रस्ता किती रुंद असावा हे महानगरपालिका ठरवते. शेजारच्या इमारतीला किती मजल्यांची परवानगी द्यायची आणि मलवाहिनीची चारी कुठून खोदायची, तेही तीच ठरवते. विकास आराखड्यावर ओढलेली एक रेघ चारशे वर्षांच्या भिंतीपेक्षा बलवान ठरते.

म्हणून वारसा जपायचा असेल तर तो आराखड्यातच लिहिला गेला पाहिजे. तशी सोय कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू व स्थळांच्या जतनाला स्थान दिले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नगररचनेबरोबर सांस्कृतिक बाबींचे संवर्धन हेही नगरपालिकांच्या कामांत नमूद आहे.

कायद्याचा उपयोग करून घेणारी दोन शहरे आपल्या जवळच आहेत. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. सहाशेहून अधिक वास्तू व परिसरांची यादी झाली, त्यांच्या श्रेणी ठरल्या आणि बदलाच्या परवानगीआधी वारसा समितीचा सल्ला घेणे आवश्यक झाले. एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण वस्तीचा विचार झाला, हे त्यातले विशेष. मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची सोयही ठेवली गेली.

अहमदाबादने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेल्या या शहराच्या महानगरपालिकेने १९९६ मध्ये स्वतःचा वारसा विभाग उघडला. १९९७ पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा फेरी सुरू झाली. पोळांमधल्या लाकडी घरांची नोंद झाली. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. भारतात हा मान मिळवणारे ते पहिले शहर. त्यामागे पालिकेची वीस वर्षांची यादी, नकाशा आणि परवानगीची शिस्त होती.

औरंगाबादेतही २०२० नंतर स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजी झाली, तिचे स्वागत केले पाहिजे. पण डागडुजी ही योजना असते आणि योजना संपते. आराखड्यातली नोंद मात्र टिकते. नहरीचा मार्ग नकाशावर अधिकृतपणे दाखवला असेल तरच तिच्यावर पाया खोदणाऱ्याला अडवता येईल. ज्या शहराच्या नळांना वर्षानुवर्षे अनेक दिवसांच्या अंतराने पाणी आले, त्या शहराने आपल्या नहरी गाडून टाकाव्यात, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

इथे आपल्या समाजानेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. वक्फ म्हणजे केवळ जमीन नव्हे, ती देणाऱ्याची नियत आहे. विहीर, सराई, मशीद लोकांच्या उपयोगी राहावी म्हणून ती दिली गेली. आपण मात्र कित्येक जुन्या मशिदींचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट लावले आणि दगडी मेहराबीवर चकचकीत फरशा बसवल्या. चुना भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो, सिमेंट तो आत कोंडतो आणि आतला दगड झिजत जातो. हे आपण प्रेमापोटीच केले, पण हानी झालीच. सरकारने जपावे असे म्हणताना आपल्या ताब्यातले आपण कसे जपतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत कोणत्याही नागरिकाला हरकत किंवा सूचना देता येते. त्या वेळी किती मोहल्ल्यांतून अर्ज जातात? बुलडोझर आल्यावर जमणारी गर्दी मुदतीच्या आत का जमत नाही? एका अर्जाला पंचवीस सह्या, एक छायाचित्र आणि वास्तूची अचूक जागा एवढे पुरते.

या कामात आपल्याकडे एक खास सामर्थ्य आहे. उर्दू शाळांत शिकलेली मुले दरवाजांवरचे शिलालेख आणि जुने वक्फनामे यांची लिपी ओळखतात. थोडी फारसी शिकवली तर ती अर्थही लावू शकतील. तीच मुले मराठीही शिकतात आणि महानगरपालिकेचा कारभार मराठीत चालतो. दगडावरचे फारसी अक्षर पालिकेच्या मराठी नोंदवहीत नेऊन ठेवणे, हे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी करायचे नाही तर कुणी करायचे? आपल्या राज्यघटनेने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. मलिक अंबरच्या पाण्याने धर्म पाहून तहान भागवली नाही. त्याची नहर वाचली तर ती साऱ्या शहराची वाचेल. तिची नोंद नकाशावर व्हावी, यासाठी पहिला अर्ज आपल्या मोहल्ल्यातून जाऊ द्या.